वाचकांचे प्रश्न: थायलंडच्या पोलिसांचं परेडचं गाणं आलं कुठनं?

प्रश्न: आमचा पोरगा दोस्तांबरोबर बँकॉकला गेलता, तिथं त्यानं पोलिसांची परेड बघितली आणि व्हिडिओ काढून मला पाठवला. पुढं बँड, मागं रांगेत पोलीस आणि सगळे मिळून गाणं म्हणालेत. ऐकून मला लगेच आपल्या बेळगावच्या कॅम्पातला मराठा रेजिमेंटचा बँड आठवला, चाल कुठंतरी ऐकल्यासारखी वाटालीय. गावच्या ग्रुपवर टाकलं तर एकजण म्हणतोय ही इंग्रजांची चाल, दुसरा म्हणतोय जपान्यांनी महायुद्धात शिकवून ठेवलीय. थायलंड तर कधी इंग्रजांच्या ताब्यात नव्हता की ओ. मग हे गाणं आलं कुठनं? (एक वाचक, खानापूर)

उत्तर: क्लिप ऐकली. थाई पोलिसांचं ठरलेलं गाणं आहे तेच हे, नाव 'मार्च फिथाक सन्तिरात', म्हणजे लोकांच्या शांततेची राखण करणाऱ्यांचा मार्च. चाल एका थाई माणसाची आहे, नात थावॉनबुत त्याचं नाव, आणि शब्द कॅव अच्छरियाकुन याचे, तोही थाईच. ही दोन नावं मी मुद्दाम पहिल्यांदा सांगालोय, कारण परेडच्या गाण्याचं नेहमी असं होतं की गाणं खात्याचं होऊन जातं, हजारो लोकांना पाठ असतं, आणि केलं कुणी असं विचारलं की कुणालाच सांगता येत नाही. सिनेमाच्या गाण्याचा संगीतकार आपण लगेच सांगतो, पण बँडच्या धुनेचा कोण हे विचारायचं सुचत पण नाही. मला हे मनापासून लागतं, म्हणून या सदरात असा प्रश्न आला की आधी नाव, मग बाकीचं.

पण तुम्हाला चाल ओळखीची वाटली ती उगीच नाही. चाल थाई असली तरी तिची बांधणी, म्हणजे दोन ठोक्यांची लय, सुरवातीला ट्रंपेटची हाक, मग पहिला भाग, दुसरा भाग, मधे जरा मऊ होणारा भाग ज्याला बँडवाले ट्रिओ म्हणतात, हे सगळं युरोपातनं आलेलं आहे आणि आपल्या कॅम्पातल्या बँडकडं पण तिथनंच आलंय. त्यामुळं ग्रुपवरच्या पहिल्या माणसाचं थोडंसं खरं आहे. चाल इंग्रजांची नाही पण साचा ज्या वाटेनं तिथं पोचला त्या वाटेवर इंग्रज नक्की आहेत, आणि ती वाट फार बघण्यासारखी आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

थायलंडचं नाव १९३९ पर्यंत सयाम. तिथं १८५१ मध्ये मोंगकुट राजा गादीवर बसला. शेजारचा बर्मा इंग्रज तुकड्यातुकड्यानं घ्यालेत, चीनची अफूच्या लढाईत काय गत झाली ते समोर दिसतंय, अशा वेळी त्यानं ठरवलं की आपली फौज युरोपियन कवायत शिकली पाहिजे आणि त्यासाठी इम्पी आणि थॉमस नॉक्स असे दोन ब्रिटिश कॅप्टन ठेवले. आता कवायत इंग्लिश म्हटल्यावर बिगूल इंग्लिश, आणि राजाला सलामी द्यायची तर धून कुठली, तर त्या दोघांना येत होती ती, इंग्लंडच्या राणीची! म्हणजे जो देश कधी इंग्रजांच्या ताब्यात गेला नाही त्याच्या राजाला बरीच वर्षं इंग्लंडच्या राष्ट्रगीतावर सलामी मिळत होती.

मोंगकुटचा मुलगा चुलालोंगकोर्न १८७१ मध्ये सिंगापूर आणि बटाव्हियाला (आताचं जकार्ता) गेला. तिथली गोष्ट सांगितली जाते ती अशी, की डच बँडवाल्यांनी विचारलं, तुमच्या देशाची स्वतःची सलामीची धून कुठली ती सांगा म्हणजे वाजवतो. सांगायला काही नव्हतं. परत आल्यावर राजानं दरबारातल्या वादकांना बोलावून आपली धून पाहिजे म्हणून कामाला लावलं, आणि आता जे राजगीत आहे, म्हणजे राजाच्या सलामीचं, राष्ट्रगीत वेगळं, त्याचं संगीत १८८८ चं, प्योत्र श्चुरोव्स्की नावाच्या रशियन संगीतकाराचं. राजा सयामचा, कवायत इंग्रजांची, विचारणारे डच आणि धून रशियन माणसाची. हे ऐकून कुणी नाक मुरडू नये. त्या काळात ज्या ज्या राज्याला स्वतःचा झेंडा आणि स्वतःचा बँड पाहिजे होता त्या सगळ्यांनी बाहेरून माणसं आणली, आपल्या म्हैसूरच्या महाराजांनी पण राजवाड्याच्या बँडसाठी ओटो श्मिट नावाचा जर्मन ठेवला होताच की.

बँकॉकमध्ये असाच एक माणूस आला, याकोब फाइट, जर्मन वंशाचा, अमेरिकेतनं आलेला, राजाच्या बँडचा मास्तर. त्याचा मुलगा पीटर १८८३ मध्ये बँकॉकमध्येच जन्मला, तिथंच वाढला, आणि पुढं फ्रा चेन दुरियांग या थाई पदवीनं ओळखला जाऊ लागला. १९३२ मध्ये उठाव होऊन राजाची अनिर्बंध सत्ता गेली तेव्हा उठाववाल्यांना नवीन राष्ट्रगीत पाहिजे होतं, फ्रेंच राष्ट्रगीतासारखं जोशाचं, आणि ते काम त्यांनी याच्याच गळ्यात घातलं. त्यानं स्वतः नंतर सांगितलंय की चाल ट्राममध्ये बसून जाताना सुचली. तीच चाल आजपर्यंत आहे, शब्द मात्र १९३९ मध्ये देशाचं नाव बदललं तेव्हा बदलले. याच्याबरोबर अजून एक नाव घ्यायला पाहिजे, राजपुत्र परिबात्र, हा जर्मनीत लष्करी शिक्षण घेऊन आलेला, यानं सयामच्या फौजेच्या बँडसाठी स्वतः मार्च आणि वॉल्ट्झ (युरोपियन नाचाच्या धुना) लिहिले, १९३२ नंतर त्याला देश सोडून बांडुंगला (आताच्या इंडोनेशियात) जाऊन राहावं लागलं आणि तिथंच वारला. म्हणजे बघा, पन्नास-साठ-सत्तर वर्षांत कवायतीच्या बिगुलापासून सुरवात करून असे लोक तयार झाले ज्यांना स्टाफ नोटेशन, म्हणजे सूर कागदावर लिहायची पाश्चात्त्य पद्धत, येतंय, ब्रासबँडसाठी कसं लिहायचं ते कळतंय, आणि जे तिथंच जन्मले वाढले.

पोलिसांचं गाणं या जमिनीवर उगवलं. आणि त्याला अजून एक गोष्ट लागली, सरकारची गाण्यांची भूक. १९३० च्या दशकाच्या शेवटी आणि महायुद्धाच्या काळात, फिबुन सोंगख्राम पंतप्रधान असताना, लोकांनी कपडे कसे घालायचे, झेंड्याला मान कसा द्यायचा, याचे सरकारी फतवे निघत होते आणि त्याबरोबर जोशाची गाणी निघत होती, नाटकात, रेडिओवर, शाळेत. लुआंग विचित हा ललितकला खात्याचा प्रमुख स्वतः असली नाटकं आणि गाणी लिहायचा. १९३९ मध्ये सरकारच्या प्रसिद्धी खात्याचा स्वतःचा बँड निघाला, उअ सुन्थॉनसनान हा त्याचा प्रमुख. सरकारी कामात हा खात्याचा बँड आणि बाहेरच्या कार्यक्रमांना तीच माणसं 'सुनथराफॉन' या नावानं वाजवायची, नाचाची गाणी, प्रेमाची गाणी, आणि हे नाव थायलंडमध्ये आजही जुन्या पिढीच्या लोकांचं काळीज आहे. कॅव अच्छरियाकुन हा याच उअचा जोडीदार गीतकार. रेडिओवरची नाटकं पण करायचा. म्हणजे ज्या हातानं चांदण्यातली विरहाची गाणी लिहिली त्याच हातानं पोलिसांच्या शिस्तीचं आणि शौर्याचं गाणं लिहिलंय, आणि मला तरी वाटतं की ते गाणं इतकं टिकलं याचं कारण हेच आहे, ते एखाद्या खात्याच्या समितीनं बसून जुळवलेलं नाही, रोज गाणी लिहिणाऱ्या पक्क्या माणसानं लिहिलंय.

आणि थाईत मार्च लिहिणं सोपं नाही बरं का. त्या भाषेत पाच सूर आहेत, म्हणजे एकच अक्षर सपाट म्हटलं तर एक अर्थ, वर चढवलं तर दुसरा, खाली सोडलं तर तिसरा. आपल्याकडं भजनी मंडळात कुठल्याही सिनेमाच्या चालीवर विठ्ठलाचे शब्द बसवता येतात, मात्रा जुळल्या की झालं. थाईत मात्रा जुळून भागत नाही, चाल जिथं चढते तिथं चढणारा शब्द शोधावा लागतो, नाहीतर ऐकणाऱ्याला भलताच अर्थ लागू शकतो. मार्चची चाल तर बिगुलासारखी सा वरनं ग वर, ग वरनं प वर उड्या मारत जाते, तिथं शब्दांना दम घ्यायला जागाच नसते. म्हणून चालीवाला आणि शब्दवाला दोघंही तितकेच कसबी लागतात आणि दोघांचंही नाव घ्यायला लागतं.

जपान्यांचं म्हणाल तर जपानी फौज ८ डिसेंबर १९४१ ला थायलंडमध्ये शिरली खरी, पण तोवर सयामच्या बँडला कित्येक दशकं झाली होती. आणि जपान्यांना तरी बँड कुणी शिकवला? १८६९ मध्ये जॉन विल्यम फेंटन या ब्रिटिश बँडमास्तरनं जपानच्या सत्सुमा भागातल्या पोरांना शिकवला आणि नंतर फ्रान्झ एकर्ट या जर्मनानं त्यांच्या राष्ट्रगीताला १८८० मध्ये पाश्चात्त्य स्वरसाज चढवला. म्हणजे जपानी मार्च, थाई मार्च आणि आपल्या कॅम्पातला मार्च, तिन्ही एकमेकांसारखे वाटले तर कुणी कुणाचं चोरलंय असं होत नाही, मास्तर एकाच गावचे होते इतकंच.

प्रश्न: थायलंड गुलाम नव्हता तर तिथं पोलीस खातं कुणी काढलं? आपल्याकडं तर सगळं इंग्रजांनीच काढलेलं. (एक वाचक, निपाणी)

उत्तर: राजानं काढलं, पण काढायला माणूस इंग्रजच ठेवला. १८६० मध्ये मोंगकुटनं सॅम्युअल जोसेफ बर्ड एम्स नावाच्या एका ब्रिटिश कॅप्टनला बँकॉकच्या बाजारपेठेच्या भागात पोलीस उभे करायला सांगितलं आणि त्यानं शिपाई म्हणून मलय आणि हिंदुस्थानी माणसं भरती केली. म्हणजे बँकॉकच्या रस्त्यावर पहिल्यांदा जे युनिफॉर्ममधले पोलीस दिसले त्यात आपल्या देशातनं गेलेले लोक होते.

पण खेड्यापाड्याचा बंदोबस्त वेगळा, त्यासाठी १८९७ मध्ये प्रांतिक जाँदार्मरी म्हणून फौजेसारखं पोलीस दल काढलं आणि त्याचा प्रमुख डेन्मार्कचा गुस्ताव्ह शाउ. डॅनिश का? कारण डेन्मार्कला तिथं वसाहत करायची नव्हती. हे सयामच्या राजांचं फार मोठं शहाणपण होतं, सगळी खाती एकाच साम्राज्याच्या माणसांच्या हातात द्यायची नाहीत, हिशेबाला इंग्रज, रेल्वेला जर्मन, कायद्याला बेल्जियन, आरमाराला आणि गावच्या पोलिसांना डॅनिश, म्हणजे कुणी एकजण डोईजड व्हायला नको. शाउला राजानं फ्राया वासुथेप ही पदवी दिली. त्याच्या हाताखालचा हान्स मार्कवर्ड येन्सन हा तरुण डॅनिश कॅप्टन १९०२ मध्ये उत्तरेत शान लोकांचं बंड झालं तेव्हा लाम्पांग शहर राखताना नावाजला आणि नंतर लगेच पाठलागात मारला गेला, त्याचं स्मारक फायाओ भागात अजून आहे.

शहरातले पोलीस आणि ही जाँदार्मरी १३ ऑक्टोबर १९१५ ला एकत्र केली. तेव्हापासूनचं एकच खातं.

या खात्याचा सगळ्यात दबदब्याचा आणि सगळ्यात काळा काळ म्हणजे १९५१ ते १९५७, फाओ सियानोन प्रमुख असतानाचा. अमेरिकेच्या सीआयएनं पैसा, हत्यारं, ट्रेनिंग सगळं पुरवलं, सीमेवरचं वेगळं पोलीस दल उभं राहिलं, विमानं, रणगाडे पोलिसांकडं आले, आणि सूर्याखाली असं काही नाही जे थाई पोलीस करू शकत नाहीत, ही त्या काळातली घोषणा. त्याच काळात विरोधातले नेते पोलिसांच्या ताब्यात असताना मारले गेले. १९५७ मध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि फाओ स्वित्झर्लंडला गेला, तिथंच मेला. मी हे सांगतोय कारण गाण्यात खातं स्वतःला जसं बघतं तसं असतं, आणि गाणं ऐकताना अंगावर काटा आला तरी ही दुसरी बाजू आपल्याला माहीत पाहिजे. गाणं चांगलं आहे म्हणून खात्याचं सगळं चांगलं होत नाही आणि खात्याच्या पापाचं माप गाणं करणाऱ्याच्या पदरात पण टाकू नये.

प्रश्न: आपल्या देशात पोलीस बँडची अशी काही गोष्ट आहे का? (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर: आहे, आणि तिचा रस्ता पण तिकडनंच जातोय. कॅप्टन रामसिंग ठाकुरी. धर्मशाळेकडचे गुरखा, गुरखा रायफल्समध्ये जवान, सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या कैदेत गेले आणि आझाद हिंद सेनेत आले. सेनेच्या 'कदम कदम बढाये जा' या कूचगीताला संगीत त्यांचं, शब्द वंशीधर शुक्ल यांचे. नेताजींनी त्यांना व्हायोलिन भेट दिलं होतं. इंग्रजांनी हे गाणं राजद्रोही म्हणून बंद केलं होतं आणि आज तेच आपल्या लष्कराच्या परेडला वाजतंय.

स्वातंत्र्यानंतर हा माणूस कुठं गेला माहीत आहे? पोलिसांत. १९४८ मध्ये लखनौला उत्तर प्रदेशच्या पीएसी मध्ये, म्हणजे तिथल्या सशस्त्र पोलीस दलात आले आणि तिथला बँड त्यांनी उभा केला. २००२ मध्ये गेले. २६ जानेवारीला टीव्हीवर ती धून लागते तेव्हा घरातल्या पोरांना त्यांचं नाव सांगा एवढीच माझी विनंती आहे, दुसरं काही नको.

प्रश्न: मी चिकोडी तालुक्यात हायस्कूलला शिक्षिका आहे. आमच्या शाळेचं स्वतःचं मार्चिंग गाणं करायचं म्हणतोय, पोरांना एनसीसी पण आहे. सुरवात कशी करायची?

उत्तर: मॅडम, आधी पेन घेऊन बसू नका, आधी चाला. एनसीसीची कवायत मिनिटाला साधारण १२० पावलांची असते, मोबाइलवर मेट्रोनोम अॅप मिळतं त्यात १२० लावा आणि मैदानात पोरांबरोबर चालत चालत नुसते शब्द बोलून बघा. डावा पाय पडतो तिथं जोर येतो, तिथं लांब अक्षर यायला पाहिजे, 'शाळा', 'माती', 'वारा' असली. 'परिश्रम' किंवा 'कर्तव्यनिष्ठा' असले शब्द कागदावर शोभतात पण पाय त्यात अडकतात. ओळ छोटी ठेवा, आठ मात्रांची किंवा सोळा, आणि ओळीच्या शेवटी एक पूर्ण पाऊल रिकामं सोडा, चालणाऱ्या माणसाला श्वास घ्यायला लागतो, हे बसून लिहिणारा हमखास विसरतो.

चाल एका सप्तकातच ठेवा, आठवी नववीच्या मुलांचा आवाज फुटत असतो, वरच्या सा च्या पुढं गेला तर निम्मी पोरं गप्प बसतात आणि मग लाजून परत गातच नाहीत. मधलं कडवं जरा हळुवार करा, ढोल तिथं बारीक, आणि शेवटच्या कडव्याला सगळे मोठ्यांदा.

आणि एक माझ्याकडून सुचवतो, तुमच्याकडं मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी पोरं असणार, तर एकाच चालीवर एक कडवं मराठीत आणि एक कन्नडमध्ये करा, दोन्ही भाषेत लांब-आखूड अक्षरांचा हिशेब चांगला बसतो, कन्नड सरांना बरोबर घ्या. गाणं झालं की शाळेच्या रजिस्टरमध्ये शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुठल्या वर्षी, हे लिहून ठेवा. बोर्डावर नाही, रजिस्टरमध्ये.

प्रश्न: ऑक्टोबरमध्ये थायलंडला ग्रुपनं चाललोय, पोलिसांची परेड बघायला मिळेल काय? (खानापूरचेच दुसरे वाचक)

उत्तर: थाई पोलीस दिन आधी १३ ऑक्टोबरला असायचा, वर सांगितलेल्या १९१५ च्या तारखेमुळं. २०१६ मध्ये त्याच तारखेला भूमिबोल राजा वारले, म्हणून मग पोलीस दिन १७ ऑक्टोबरला नेला, १९९८ मध्ये त्याच तारखेला पोलीस खातं गृहमंत्रालयातनं काढून थेट पंतप्रधानांच्या हाताखाली आणलं होतं. तर १७ च्या आसपास असाल तर हॉटेलवाल्याला विचारून ठेवा, सगळेच कार्यक्रम बाहेरच्यांना खुले नसतात. भूमिबोल स्वतः सॅक्सोफोन वाजवायचे आणि त्यांनी पण मार्च लिहिलेत, १९४८ मध्ये राजरक्षक दलासाठी आणि १९५९ मध्ये नौसैनिकांसाठी, ते पण कानावर पडले तर लक्ष देऊन ऐका.

सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ ला स्टेशनवर, बागेत, सरकारी ऑफिसासमोर राष्ट्रगीत लागतं, तेव्हा सगळे जिथल्या तिथं थांबतात, तुम्ही पण थांबा. आणि राजघराण्याबद्दल बोलताना, फेसबुकवर टाकताना जपून, तिथं त्या गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं कैद आहे आणि परदेशी माणसाला सूट नाही.